पाहुण्यांचे मैदान

फुटबॉलच्या बाबतीत मुंबई हे हिंदुस्थानातील अत्यंत जुन्या शहरांपैकी एक होय, ही गोष्ट क्रिकेटच्या कीर्तीखाली इतकी झाकून गेली आहे की, खुद्द मुंबईकरालाही ती सांगितल्यावाचून आठवत नाही. रोव्हर्स करंडकाची स्पर्धा येथे १८९१ साली सुरू झाली, म्हणजे सिमल्याच्या ड्युरँड करंडकानंतर अवघ्या तीन वर्षांनी आणि कलकत्त्याच्या आय. एफ. ए. शील्डच्या दोन वर्षे आधी. हारवूड लीग १९०२ सालची, आणि या खेळाचा कारभार पाहणारी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ सालची. इतकी जुनी वतनदारी पदरी असूनही ‘हा माझा संघ’ असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल असा संघ या शहराच्या पोराला शंभर वर्षांत लाभला नाही. आणि आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मुलांना मुंबई सिटी या फुटबॉल क्लबाकडे कसे ओढून घ्यावे याविषयी व्यवस्थापकांच्या ज्या मसलती चालतात, त्यांचे मूळ या जुन्या उणिवेत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभीची कित्येक वर्षे रोव्हर्स करंडक हा गोऱ्या पलटणींचा आपसांतला मामला होता आणि देशी प्रेक्षकाला त्यात कुतूहलापलीकडे काही वाटण्याचे कारण नव्हते. १९२३ साली मोहन बागानने अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली व तेथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना हरविले. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने पलटणींच्या हातून करंडक काढून घेतला. १९४० साली तो महमेडन स्पोर्टिंगबरोबर कलकत्त्यास गेला. आणि स्वातंत्र्यानंतर, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे, हैदराबाद सिटी पोलिसांनी जणू त्याची सनदच आपल्या नावे करून घेतली. ही नावे वाचकांनी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावीत: कलकत्ता, बंगलोर, हैदराबाद. करंडक मुंबईचा, मैदान मुंबईचे, तिकिटाचे पैसेही मुंबईकराचे. पण ज्यांच्यासाठी कूपरेज मैदानाच्या बाकांवर माणसे उभी राहून घसा कोरडा करीत, ते बहुतेक संघ पाहुणे होते. महमेडन स्पोर्टिंग आला की शहराच्या मुसलमान वस्त्यांतून रीघ लागे; गोव्याचे संघ येऊ लागले तसा धोबीतलावाच्या कुडांतून राहणारा गोवेकर आपल्या गावच्या माणसाला पाहावयास येऊ लागला; बंगाली गृहस्थ मोहन बागान व ईस्ट बंगाल या दोन तटांत विभागून बसत, आणि संगीतकार सचिन देव बर्मन हे त्यांपैकी ईस्ट बंगालचे किती कडवे भक्त होते हे तर सर्वश्रुतच आहे. दिलीपकुमारांसारखा नटही या मैदानाचा नेमाचा प्रेक्षक होता. थोडक्यात, कूपरेजवर भक्तीचा तोटा कधीच नव्हता. ती भक्ती मात्र बाहेरगावच्या दैवतांना वाहिलेली होती.

मग मुंबईचे स्वतःचे संघ नव्हते काय? होते, आणि चांगले होते. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा-शेल, मफतलाल, महिंद्र, ऑर्के मिल्स, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका, एअर इंडिया अशी त्यांची नावे. १९५४-५५ साली मुंबईने संतोष करंडक जिंकला, १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स करंडक शहरात ठेवून घेतला. टाटांकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकून उपांत्य फेरीत गेला. त्याच चमूतला गोलरक्षक एस. एस. नारायण हा माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेला. गुणांची वाण मुळीच नव्हती. पण हे संघ वस्तीचे नव्हते, आस्थापनांचे होते. खेळाडूला फुटबॉलच्या जोरावर कायमची नोकरी मिळे. सकाळी हजेरीपटावर सही करावी, दुपारी साहेबांच्या परवानगीने सरावास जावे, हंगाम संपला की पुन्हा खर्डेघाशी, असा तो शिरस्ता होता, आणि ज्या काळात फुटबॉलवर पोट भरणे अशक्य होते त्या काळात शेकडो कुटुंबे त्याने उभी केली हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु पाठीराख्याच्या बाजूने हा व्यवहार पाहावा. तेल कंपनीच्या संघाचा पाठीराखा व्हावयाचे म्हणजे नेमके कोणाचे व्हावयाचे? पेट्रोलपंपाचे? गिरणीतील कामगाराने गिरणीच्या संघासाठी टाळ्या पिटाव्यात हे समजण्यासारखे आहे. पण ज्या मुलाचा बाप त्या गिरणीत नाही, त्याला ती गिरणी आपली का वाटावी? शिवाय मालकाची मर्जी हीच ज्याची जमीन, त्या झाडाचे आयुष्य मालकाच्या ताळेबंदाइतकेच असावयाचे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांना उतरती कळा लागली. त्यांच्या नावाने खेळणारे संघही काळाच्या ओघात ओसरले, आणि त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

आता उपनगरांकडे वळू. मुंबई उपनगर जिल्हा हा महसुली दप्तरात १९२० साली वेगळा झाला. शहराची हद्द अंधेरी-जोगेश्वरी व घाटकोपर-भांडुपपर्यंत आली ती १९५० साली, आणि बोरिवली, दहिसर, मुलुंड हे मुलूख १९५७ साली महापालिकेच्या अमलाखाली आले. कूपरेजची भरभराट होती त्या काळात बोरिवली हे भातशेतीचे व ताडांचे गाव होते, आणि तेथून चर्चगेटला सामना पाहावयास जाणे म्हणजे एक दिवस खर्ची घालणे होते. तरीही उपनगरांत फुटबॉल नव्हता असे नाही. वांद्रे, वाकोला, मालाडचे ऑर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी अशा ख्रिस्ती वस्त्यांतून आणि मिशनरी शाळांच्या पटांगणांतून तो मोठ्या निष्ठेने खेळला जाई व आजही जातो. वांद्र्याच्या मैदानाला नेव्हिल डिसूझाचे नाव आहे, हे त्याच परंपरेचे द्योतक. मराठी वाड्यावस्त्यांतील मुलगा मात्र कबड्डीत, खो-खोत आणि टेनिसच्या चेंडूच्या क्रिकेटमध्ये रमलेला असे, आणि फुटबॉलशी त्याचा संबंध येई तो मृगाच्या पहिल्या सरीनंतर.

तो पावसाळी फुटबॉल ज्याने पाहिला नाही त्याला उपनगराचे बालपण कळावयाचे नाही. अर्धे मैदान पाण्याखाली. गोलाचे खांब म्हणून दोन्हीकडे चपलांचे जोड, आणि सामना रंगात आला की त्यांपैकी एखादी चप्पल वाहत निघालेली. मारलेला चेंडू डबक्यात फसून जागच्या जागी फिरत राहावयाचा आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंची दहा-बारा पोरे एकदम कोसळावयाची. कोण कोणाच्या बाजूचा हे चिखलाने केव्हाच पुसून टाकलेले. गणपती उठले की चेंडू माळ्यावर जाई. एवढ्या उत्साहाचा उपयोग करून घेईल असा क्लब त्या मैदानाच्या कडेला कधी येऊन उभा राहिला नाही. खेळण्याची हौस आणि पाठीराखेपणाची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पावसाबरोबर येते, दुसरी मात्र कोणीतरी पेरावी लागते.

ती कशी पेरली जाते हे पाहावयास मराठी माणसाला कलकत्त्यापर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. कोल्हापूर पुरेसे आहे. तेथे संघाचे नाव कंपनीचे नसते, तालमीचे व पेठेचे असते. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब, अशी नावे घेतली की कोल्हापुरी मनुष्य लगेच बोलणाऱ्याची पेठ विचारतो. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची ईर्ष्या छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरते त्या दिवशी दुपारपासून रस्ते त्या दिशेने वाहू लागतात, आणि दहा वर्षांच्या पोराला आपण कोणत्या संघाचे हे कोणी शिकवावे लागत नाही, कारण तो ज्या दारातून बाहेर पडतो त्या दारानेच ते ठरविलेले असते. या ईर्ष्येला हाणामारीचे गालबोट अनेकदा लागले आहे, आणि अलीकडे पैसे मोजून आणलेल्या परदेशी खेळाडूंमुळे तालमींची गणितेही बदलली आहेत. तिचे सरसकट गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. पण सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय चमूत २०१७ साली अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा आघाडीवर खेळला, यात नवल करण्यासारखे काही नव्हते. कोल्हापुरात तालीम आधी होती, फुटबॉल तिच्या अंगणात आला. मुंबईत स्पर्धा आधी आली, आणि अंगण शोधण्याचे काम राहूनच गेले.

गेल्या वीस वर्षांतील दोन संघांची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. महिंद्र युनायटेड हा संघ १९६२ साली जन्मास आलेला. १९९८, २००१ व २००८ साली त्याने ड्युरँड करंडक जिंकला आणि २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळविले. कांदिवलीस त्या कंपनीचा मोठा कारखाना. त्याच्या फाटकाबाहेर राहणाऱ्या हजारो मुलांचा तो संघ होऊ शकला असता. परंतु २०१० साली मालकांनी संघ मोडला आणि त्याऐवजी शालेय मुलांच्या फुटबॉल स्पर्धेवर शक्ती वेचण्याची तजवीज केली. मुलांकडे जाण्याची बुद्धी उत्तमच. पण मुलांनी ज्याच्याकडे पाहून मोठे व्हावे तो संघच पुसून टाकल्यावर ती मुले कोणाकडे पाहणार होती?

दुसरा संघ मुंबई एफ. सी., स्थापना २००७. नावात शहर असलेला, आय-लीगमध्ये नऊ हंगाम टिकलेला. कूपरेजचे नूतनीकरण निघाले तेव्हा या संघाला आपले ‘घरचे’ सामने खेळण्यासाठी काही काळ पुण्याच्या बालेवाडीस जावे लागले. मुंबईच्या संघाचा घरचा सामना पाहण्यासाठी मुंबईकराने घाट चढावा, यावर टीका करण्याचीही आवश्यकता नाही. खालिद जमील यांनी हा संघ वर्षानुवर्षे तुटपुंज्या साधनांवर वरच्या श्रेणीत राखला; ते गेले आणि त्यांनी त्याच २०१६-१७च्या हंगामात मिझोरामच्या आयझॉल संघाला देशाचे विजेतेपद मिळवून दिले, तर मुंबई एफ. सी. तळाला जाऊन पुढे बंदच पडला. आयझॉल हे डोंगरावर वसलेले शहर. लीग जिंकून परतलेल्या संघाच्या स्वागतास ते अख्खे शहर रस्त्यावर आले होते.

२०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि तिच्याबरोबर मुंबई सिटी एफ. सी. हा नवा संघ, चित्रपटनटाची भागीदारी, परदेशातील नामांकित वयस्क खेळाडू आणि नेरूळचे डी. वाय. पाटील मैदान. तेथील पहिल्याच सामन्यात पुण्याचा ५-० असा धुव्वा उडाला. प्रेक्षक आले, त्या परदेशी खेळाडूंतला आनेल्का पाहिला, परत गेले. जो मुलगा आनेल्कासाठी आला तो आनेल्काबरोबर गेला, आणि हा दोष मुलाचा नव्हे. खरा पालट झाला तो २०१६ साली, संघ अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आला तेव्हा. महापालिकेच्या मालकीचे हे संकुल १ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाल्यामुळे देशभर गाजले होते. आता तेथे सात-आठ हजार प्रेक्षकांचे, फुटबॉलला शोभेसे आटोपशीर मैदान तयार झाले. त्या वर्षी ३ सप्टेंबरला भारताने येथे प्वेर्तो रिकोला ४-१ असे हरविले. मुंबईने आंतरराष्ट्रीय सामना पाहिला तो ६१ वर्षांनंतर. नोव्हेंबरात मुंबई सिटीच्या दिएगो फोर्लानने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध तीन गोल केले. सव्वाशे वर्षे मरीन लाइन्सच्या पलीकडे राहिलेला मोठ्या सामन्यांचा खेळ अशा रीतीने साष्टीत, म्हणजे उपनगरांत, उतरला. या स्थलांतरात रेल्वेपेक्षाही मेट्रोचा वाटा मोठा आहे: वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाल्यापासून घाटकोपरचा मुलगा दादरचा वळसा न घेता थेट आझादनगरला उतरू शकतो, आणि २०२३च्या जानेवारीपासून दहिसर-बोरिवलीहूनही अंधेरी पश्चिमेपर्यंत गाडी आहे.

मैदान जवळ आले म्हणजे माणसे जवळ येतात असे मात्र नाही. १ जून २०१८ रोजी याच मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि पाहणारे होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत काढली आणि हात जोडून विनविले की, आम्हांला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनच्या सोमवारी केनियाविरुद्ध छेत्रीचा शंभरावा सामना होता. धो धो पाऊस. मैदानावर पाण्याची तळी. आणि एकही जागा रिकामी नाही. भारत ३-० असा जिंकला, दोन गोल छेत्रीचे. तीन दिवसांत शहर बदलले नव्हते, मेट्रो बदलली नव्हती, तिकिटाचा दरही बदलला नव्हता. कोणीतरी प्रथमच, नाव घेऊन, ‘या’ म्हटले होते. मुंबईची माणसे फुटबॉल पाहत नाहीत, हा दफ्तरी शेरा त्या रात्री रद्द व्हावयास हवा होता.

याच मैदानावरची आणखी एक रात्र, १७ मार्च २०१९ची. सुपर लीगचा अंतिम सामना, गोवा विरुद्ध बंगळूर. यजमान पुन्हा मुंबई, आणि खेळणारे पुन्हा पाहुणे. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोके लावून बंगळूरचा विजयी गोल केला तो राहुल भेके याने. भेके मुंबईचा, मुंबईच्या जुन्या संघांतून वर आलेला. आपल्याच शहरात, आपल्याच भाषेच्या माणसांपुढे, तो दुसऱ्या शहराला करंडक मिळवून देत होता. पुढे तो मुंबई सिटीत आला. एप्रिल २०२२मध्ये आशियाई चँपियन्स लीगमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्ध त्याच्याच हेडरने मुंबई २-१ अशी जिंकली, आणि या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. नोव्हेंबर २०१९मध्ये संघाचा ६५ टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीच्या मालकांनी घेतला होता. तो पैसा, ते शास्त्र यांचे महत्त्व आहेच. पण उपनगरातील मराठी मुलाला क्लबाशी बांधण्याच्या कामी एका भेकेचे मोल परदेशी भांडवलाहून कमी नव्हते, हे जाणून त्याचा उपयोग पुरेसा केला गेला असे मला वाटत नाही.

आजचा मुलगा फुटबॉलपासून दूर आहे ही समजूतही चुकीची. मुलुंडमध्ये वा गोरेगावात रात्री दहा वाजता कोणत्याही भाड्याच्या टर्फवर जावे: दिव्यांच्या झगझगाटात पाच-पाचांचे दोन चमू, तासाचे पैसे वर्गणीने गोळा केलेले, घरी जाताना बुटांतून झाडावयाचे रबराचे काळे कण, आणि अंगावर आर्सेनलची, बार्सिलोनाची, मँचेस्टरची जर्सी. पैसे देऊन खेळणारा हा मुलगा टीव्हीवर मध्यरात्रीचा सामना पाहतो, त्या संघाचा राखीव गोलरक्षकही त्याला ठाऊक असतो; अंधेरीत परवा कोण खेळले हे मात्र माहीत नसते. वेस्ट कोस्ट ब्रिगेड नावाने जमणारे मुंबई सिटीचे पाठीराखे ढोलताशे घेऊन हंगामामागून हंगाम घसे फोडीत आले आहेत, त्यांना माझा मुजरा. पण त्यांच्या समोरच्या सज्जात केरळचा संघ आला की पिवळा रंग दाटतो, आणि कूपरेजची जुनी वहिवाट अजून सुटलेली नाही हे दिसून येते.

माझे म्हणणे इतकेच आहे की, उपनगराला पेठ नसली तरी मंडळ आहे. गोविंदा पथकांकडे पाहावे. जोगेश्वरीचे असो वा घाटकोपरचे, प्रत्येकाच्या पाठीवर पथकाचे नाव छापलेला सदरा असतो, गुरुपौर्णिमेपासून रात्रीचा सराव असतो, सर्वांत वरच्या थरावर चढणारे पोर गल्लीतलेच असते, आणि म्हणून ट्रकामागे सारी गल्ली धावते. क्लबाला हेच करावयाचे आहे. पालिका शाळांच्या आणि मिशनरी शाळांच्या संघांना मोसमातला एक सामना राखून ठेवावा व त्या मुलांनी मध्यंतरात याच गवतावर खेळावे. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांचे बालसंघ क्लबाच्या नावाने खेळावेत. फलकांवर व ध्वनिक्षेपकावर मराठी असावी. आणि सामने रात्री साडेसातला सुरू करून दहावीच्या मुलाने मुलुंडला साडेअकराला पोचावे, ही अपेक्षा प्रक्षेपकांच्या सोयीची असेल, आईच्या सोयीची नाही. निदान रविवारचा सामना पाचला व्हावा.

मुंबई सिटीने आजवर चार मोठे सन्मान मिळविले: २०२०-२१चे लीग शील्ड व करंडक, २०२२-२३चे शील्ड, आणि ४ मे २०२४चा करंडक, जो कर्णधार राहुल भेकेने उंचावला. पहिले दोन गोव्यात, महामारीमुळे रिकाम्या ठेवलेल्या मैदानांत. तिसऱ्यावर शिक्कामोर्तब झाले तेही गोव्यात. चौथा कलकत्त्यात, परक्यांच्या गर्जनेत. अंधेरीच्या प्रेक्षकासमोर एकही नाही. पुढच्या हंगामात घरातले एखादे पोर सोबत घेऊन आझादनगरला उतरा. मैदान तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.